तांदळातलं नाव

शोभना किंचाळली तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो. उंट आधी मागचे पाय उचलतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती पुढे घसरली आणि नवऱ्याच्या गळ्यालाच लोंबकळली.

"अगं सोड! मरेन मी!" सदू गुळवणी ओरडत होता. "उंटावरून पडून मेला म्हणून पेपरात येईल. लोक हसतील की गं!"

"मग आधी सांगायचं नाही का, हा असा उठतो म्हणून?"

"मी काय उंटांचा डॉक्टर आहे?"

जैसलमेरच्या पुढे वाळूच्या टेकड्या आहेत, तिथे डिसेंबरातल्या एका संध्याकाळी हे चाललं होतं. मुकुंदच्या कॉलेजच्या बॅचने पंचवीस-सव्वीस वर्षांनी एकत्र सहल काढली होती, नवरे-बायकांसकट. उंटावर बसून सूर्यास्त बघायची हौस मात्र पाचजणांनाच होती. बाकीची मंडळी तळावर चहा आणि भज्यांपाशी बसली. पाचजण म्हणजे गुळवणी आणि त्याची बायको शोभना, मुकुंद आणि मी, आणि देवस्थळी.

मुकुंद माझा नवरा. तोंडाने मी त्याला जन्मभर अहो-जाहो करत आले, लिहिताना अरे-तुरे करते आहे. आता कोण विचारणार आहे?

देवस्थळी एकटीच आली होती. बडोद्याला बँकेत होती, नवऱ्याला रजा मिळाली नव्हती. ओळख करून देताना "मी अपर्णा मराठे" असं म्हणाली होती, पण त्या लोकांना कॉलेजात मुलींना आडनावाने हाक मारायची सवय, आणि ती पन्नाशी जवळ आली तरी सुटली नव्हती. चार दिवसांत मीही तिला देवस्थळीच म्हणायला लागले. शांत बाई. जोधपूरच्या किल्ल्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तर न बोलता पर्समधून पिन काढून खाली बसली आणि स्वतः लावून दिली. मला ती मनापासून आवडली होती. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मी तिच्याबद्दल काय काय बोलले ते माझं मलाच माहीत.

गुळवण्याचा उंट उठला, देवस्थळीचा उठला. आमचा काही हलेना. मुकुंद पुढे, मी मागे, आणि खाली तो प्राणी डोळे अर्धे मिटून रवंथ करतोय.

"चल रॉकेट! उठ!" उंटवाल्याने दोरी हिसडली. तगाराम नाव त्याचं, पिकल्या मिशांचा, साठीचा माणूस. "रॉकेट! ए रॉकेट!"

रॉकेट जागचं हलेना. मग तगाराम वाकला, उंटाच्या कानाशी गेला आणि अगदी हळू म्हणाला, "लाखा. चल, लाखा." तसा उंट उठला. माझी हनुवटी मुकुंदच्या पाठीवर आपटली.

"भैया, इसका नाम क्या है? रॉकेट की लाखा?" मी वरून विचारलं. माझं हिंदी कोपरगावचं.

"रॉकेट तो आप लोगों के लिए है, बाईसा. टूरिस्ट को मजा आता है," तगाराम म्हणाला. "असली नाम लाखा. छोटा था तब से."

"म्हणजे असली नाम से ही उठता है?"

"जानवर है जी. नया नाम उसको क्या समझे."

मी त्या दिवशी रंगात आले होते. मला एरवी चारचौघांत बोलायचा संकोच वाटे. मुकुंदचे मित्र सगळे मोठ्या हुद्द्यावरचे आणि मी बारावी झालेली. पण तीन-चार दिवसांत भीड चेपली होती. मी म्हटलं, "मेरा भी सेम है, भैया. मायके का नाम गोदावरी, शादी के बाद मालविका. लेकिन मैं नये नाम से भी उठती हूं!"

तगाराम मिशांतून हसला. शोभना तर खिदळलीच.

"अय्या, मालविका हे तुमचं सासरचं नाव?" ती पलीकडच्या उंटावरून म्हणाली. "मला वाटलं माहेरचंच आहे. किती वेगळं निवडलंय! कुणी, सासूबाईंनी?"

"छे हो! ह्यांनी." मी मुकुंदच्या पाठीवर थाप मारली. "सासूबाईंनी तर लक्ष्मी ठरवलं होतं. गुरुजींनी ताम्हनात तांदूळ पसरले, ह्यांच्या हातात अंगठी दिली, आणि ह्यांनी कुणाला न विचारता सरळ मालविका लिहून टाकलं. एका दमात. सासूबाई बघतच राहिल्या. मी नंतर विचारलं, इतकं सुंदर नाव ऐनवेळी सुचलं कसं? तर म्हणाले, ऐनवेळी नाही, आधीपासूनच ठरवून ठेवलं होतं."

ही माझी आवडती गोष्ट होती. हळदीकुंकवाला, भिशीला, नव्या सुनांना, मी ती किती वेळा सांगितली असेल. गोदावरी हे माझ्या आजीचं नाव. शाळेत पोरं मला गोदी म्हणायची आणि मी रडत घरी यायचे. एकविसाव्या वर्षी एका उंच, अबोल इंजिनिअरने अंगठीने चार अक्षरं काढली आणि गोदी संपली. शिवाय तो ते नाव घ्यायचा किती! आमच्या पिढीतले नवरे "अगं", "ऐकलंस का" याच्यावर संसार उरकत. मुकुंद एरवी तोंडातून शब्द काढत नसे, पण हाक मात्र पूर्ण नावाने. दिवसातून वीसदा. आमच्या इमारतीतल्या बायका मला म्हणायच्या, तुमचे हे नाव किती प्रेमाने घेतात हो. मी लाजायचे. लाजायचे आणि वाट बघायचे, पुन्हा कधी घेतोय याची.

गोष्ट संपवून मी हसले, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याबरोबर फक्त शोभना हसतेय.

गुळवणी हसत नव्हता. हा माणूस अंत्ययात्रेतही कोट्या करील अशी त्याची ख्याती. तो उंटाच्या मानेकडे बघत होता. मुकुंदचे कान तांबडे झाले होते. मागे बसल्यामुळे मला त्याचे कानच दिसत होते. देवस्थळी डोक्याला रुमाल बांधत होती, तिचे हात गाठीवरच थांबले होते. ती मुकुंदकडे बघत होती. रागाने नाही, प्रेमाने नाही. आपली हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी तसं.

"चलो भैया, चलो," गुळवणी एकदम म्हणाला. "सूरज डूब जायेगा." त्याचा आवाज भलताच साधा झाला होता.

तीन उंट निघाले. पुढे देवस्थळीचा, मधे आमचा, मागे गुळवण्यांचा. वाळू तांबूस दिसायला लागली होती. दुसऱ्या सहलींचे उंट लांबवर ओळीने चालले होते. बघण्यासारखं होतं, पण मला काही बघवेना. मला वाटलं मी काहीतरी गावंढळ बोलले. उंटाशी स्वतःची तुलना केली म्हणून हे शिकलेले लोक गप्प झाले असतील.

"अहो," मी पुढे वाकून विचारलं, "सगळे गप्प का झाले?"

"कोण गप्प आहे?"

"गुळवणी गप्प आहेत. म्हणजे काहीतरी झालंय."

"सरळ बस. हलू नकोस."

"मी काही चुकीचं बोलले का?"

"घरातल्या गोष्टी चारचौघांत सांगायची गरज असते का?"

"चांगलीच तर गोष्ट होती. तुमचं कौतुकच केलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चोवीस वर्षांच्या संसारात त्याने मला लोकांसमोर कधी टोकलं नव्हतं, आणि आता तेही मागे न बघता. मी त्याच्या कमरेचा हात काढून पलाणाच्या लाकडी खुंटीला धरलं.

टेकडीच्या माथ्यावर आमचा उंट थांबला. पुढे एकदम उतार होता. देवस्थळीचा उंट आधी उतरायला लागला. त्याची वेसण धरून चालणारा माणूस वाळूत गुडघ्यापर्यंत रुतत होता. अर्ध्या उतारावर उंटाचा पुढचा पाय खचला. काही फार झालं नाही, उंट नुसता झुकला. पण वरची देवस्थळी पुढे फेकल्यासारखी झाली, तिचा रुमाल उडाला, आणि ती एका बाजूला कलली.

"मालविका!"

मुकुंदचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आमच्या मुलाचं सायकलवरून पडून डोकं फुटलं होतं तेव्हाही नाही.

"मालविका, मागे रेल! मागे रेल!"

आणि मी मागे रेलले. आमचा उंट सपाटीवर उभा होता, आम्हाला काही झालं नव्हतं, तरी मी घाबरून दोन्ही हातांनी खुंटी धरून मागे रेलले. मला वाटलं, आपणच पडतोय आणि आपल्यालाच कळलेलं नाही. नवऱ्याने नाव घेऊन सांगितलं की मी ते करत असे, तशी सवयच होती.

खाली उतारावर देवस्थळीही मागे रेलली. अगदी तशीच. उंटाने पाय काढला, सावरला आणि चालू लागला. तिने मान वळवून वर बघितलं आणि हात उंचावून ओरडून सांगितलं, "मी ठीक आहे रे, मुकुंद!"

आणि मग तिचा हात तसाच हवेत राहिला.

माझ्या नावाला त्या दिवसापर्यंत दुसऱ्या कुणी ओ दिलेली नव्हती.

मी मठ्ठ आहे असं माझे भाऊ म्हणायचे, पण इतकीही नाही. त्या माथ्यावर, पलाणावर मागे रेललेली असतानाच, मला सगळं कळलं. देवस्थळीचं माहेरचं नाव मालविका. तिच्या नवऱ्याने ते पुसून अपर्णा लिहिलं, आणि माझ्या नवऱ्याने ते उचलून माझ्या ताटात लिहिलं. सहलीच्या पहिल्या दिवशी स्टेशनावर मुकुंद "ही मालविका" म्हणाला होता आणि गुळवण्याने त्याच्या पाठीत धपका घालून "मुक्या लेका, नशीब काढलंस" म्हटलं होतं. मी मोतिया रंगाची साडी नेसले होते. मला वाटलं होतं माझं रूप बघून म्हणाला. त्या बिचाऱ्यांना वाटलं होतं, योगायोग. मुक्याला त्याच नावाची बायको मिळाली. चार दिवस सगळे जपून तिला आडनावाने हाका मारत होते ते माझ्यासाठी. योगायोग नव्हता, हे मी माझ्या तोंडाने, उंटावर बसून, हसत हसत सांगितलं.

"सरळ झालीस का?" मुकुंदने विचारलं. मागे न बघताच.

"झाले."

सूर्य बुडाला तेव्हा टेकडीवरच्या सगळ्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. उंट खाली बसला, तगारामने हात दिला, मी उतरले. "बाईसा, डर गई?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "हां भैया. बहुत."

गुळवणी बायकोला घेऊन घाईघाईने फोटो काढायला निघून गेला. मुकुंद सिगारेट शोधत उभा राहिला. सोडून दहा वर्षं झाली होती. देवस्थळी सरळ माझ्याकडे आली. तेवढं धैर्य तिच्यात होतं, हे मान्य करायला हवं.

"मला खरंच माहीत नव्हतं हो," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमचं नाव मुळातच ते असेल. तुमच्या दोघांची ओळख झाली तेव्हा मला हसू आलं होतं. बाकी काही नाही."

"तुमचं आणि ह्यांचं..."

"काही नव्हतं. देवाशपथ नव्हतं. लायब्ररीत समोर बसायचा. एकदा वही मागितली होती. सगळ्या वर्गाला माहीत होतं, पण तो कधी एक शब्द बोलला नाही. मी काय समजायचं?"

"ते कधीच बोलत नाहीत," मी म्हटलं. "हाक तेवढी मारतात."

तिने पायाने वाळू सारली. मग म्हणाली, "एक सांगू? राग मानू नका. पंचवीस वर्षांत मला त्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. आमच्याकडे सासऱ्यांनी पत्रिका बघून अपर्णा ठेवलं. पुढे पुढे माझी आईसुद्धा अपर्णाच म्हणायला लागली. आज मघाशी तो ओरडला ना... मला बरं वाटलं."

तिने हे सांगायला नको होतं. त्याच्याआधी मी तिला क्षमा केली असती.

"मग घ्या परत," मी म्हटलं. "तुमचंच आहे. मी काळजीपूर्वक वापरलंय."

"असं नका बोलू."

"का? चांगलं ठेवलंय मी. रेशनकार्डावर आहे, पासबुकावर आहे, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव म्हणून आहे. सगळीकडून काढून देते."

तिचा चेहरा पांढरा पडला. ती वळली आणि तळाकडे चालायला लागली. पुन्हा आम्ही कधी बोललो नाही. परतीच्या गाडीत ती दुसऱ्या डब्यात होती.

मग मुकुंद आला.

"चल, थंडी पडतेय," तो म्हणाला.

"मला का दिलंत?"

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय."

त्याने पुन्हा खिसे चाचपले. मला वाटलं नेहमीसारखा गप्पच बसेल, आणि आज वाटतं, बसला असता तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी तो खरं बोलला. आयुष्यात एकदाच आणि तेही तेव्हा.

"पोरवयातली गोष्ट होती," तो म्हणाला. "तिचं लग्न ठरल्याचं कळलं. मग माझंही आईने ठरवलं. तुला मी एकदाच पाहिली होती, तीही पोहे देताना. ताम्हनापुढे बसलो तेव्हा वाटलं, माणूस तर गेलंच. निदान नाव तरी घरात राहील."

"आणि मी?"

"तू काय? तुला काय कमी केलं मी? कधी आवाज चढवला? कुणाकडे डोळा वर करून बघितलं?"

कमी त्याने खरंच काही केलं नव्हतं. माझ्या बाळंतपणात रात्र रात्र बसला, माझ्या वडलांच्या आजारपणात मुलासारखा राबला. सगळं केलं होतं. फक्त ते कुणाचं नाव घेऊन केलं होतं, एवढाच प्रश्न होता.

"मला हाक मारा," मी म्हटलं.

"हे काय आता..."

"माझ्या नावाने मारा. एकदा."

त्याने इकडेतिकडे बघितलं. घसा खाकरला. "गोदा... गोदावरी," तो म्हणाला. सरकारी कचेरीत कारकून यादीतलं नाव पुकारतो तसं. आपलंच नाव इतकं परकं ऐकून मी हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सवयीने म्हणाला, "रडू नकोस, माल..." आणि जीभ चावली.

त्या दिवसापासून मी त्या नावाला ओ दिली नाही.

लोकांना ते वेड वाटलं. परत आल्यावर मी वकिलाकडे गेले, प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव छापून आणलं. जुने नाव, नवे नाव असे दोन रकाने असतात. नव्या नावाखाली मी माझं सगळ्यात जुनं नाव लिहिलं, तेव्हा कारकून म्हणाला, "बाई, लग्नाआधीचं नाव? घटस्फोट वगैरे आहे का?" मी म्हटलं, "नाही. संसार चालू आहे." मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, आता या वयात काय फरक पडतो?" त्याला मी कारण सांगितलं नाही. बापाबद्दल मुलाचं मन कशाला कलुषित करायचं, एवढी अक्कल मला होती. शेजारणी महिनाभर हसल्या, मग मालविकावहिनीच म्हणत राहिल्या. गोदावरी म्हणणारं माणूस तसंही कुणी उरलं नव्हतं. आई गेली होती, भावांच्या तोंडात ताई बसलं होतं.

मुकुंदने वाद घातला नाही. त्याने हाक मारायचंच सोडलं. काही हवं असलं की मी असेन त्या खोलीत यायचा, समोर उभा राहायचा आणि मी वर बघेपर्यंत थांबायचा. अकरा वर्षं. आम्ही एकत्र जेवलो, एकत्र लग्नकार्यांना गेलो, नातवाच्या बारशाला शेजारी शेजारी बसलो. भांडण असं एकही झालं नाही. त्याला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही, कारण मला वाटत होतं की मला माहीत आहे.

अकराव्या वर्षी त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्यात आठवडाभर होता. पाचव्या दिवशी दुपारी, शुद्धीत नाही आणि बेशुद्धही नाही अशा अवस्थेत, त्याने डोळे न उघडता हाक मारली.

"मालविका."

मी खाटेपासून चार पावलांवर खुर्चीत होते. हातात नातवासाठी विणायला घेतलेला स्वेटर होता. मी सुया थांबवल्या, पण उठले नाही.

"मालविका... मालविका..."

नर्स आत आली. विदर्भातली मुलगी होती, गोड होती. म्हणाली, "काकू, काका बोलवून राहिले ना तुम्हाले."

"मला नाही," मी म्हटलं. "माझं नाव गोदावरी."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "मग त्या कोण आहेत, त्यांना बोलवून घ्या," ती हळूच म्हणाली. "वेळ कमी आहे, काकू."

मी पुन्हा सुया चालवायला लागले. बडोद्याचा नंबर गुळवण्याकडून मिळाला असता. मी तो मागितला नाही. तिला पुन्हा एकदा बरं वाटावं, इतकं माझं मन मोठं नव्हतं.

दोन दिवस तो हाका मारत होता. मधेच थांबायचा, पुन्हा सुरू करायचा, आवाज बारीक बारीक होत गेला. तिन्हीसांजेला शोभना आणि गुळवणी भेटायला आले. त्यांनी ती हाक ऐकली आणि दोघं माझ्या नजरेला नजर न देता निघून गेले. नर्स कापसाच्या बोळ्याने त्याचे ओठ ओले करायची. मी खुर्चीत बसून विणत होते. सातव्या दिवशी पहाटे तो गेला.

तेराव्याला घर भरलं होतं. पानं वाढून झाली, पंगत बसली, आणि कुणीतरी पोरगं पंगतीतून ओरडलं, "आजी, पाणी!" माझ्या हातातलं भांडं तिथेच राहिलं. दवाखान्यात मुकुंद नुसती हाक मारत नव्हता. प्रत्येक वेळी तो पुढे काहीतरी पुटपुटायचा आणि मी तिकडे लक्षच द्यायचं नाही असं ठरवलं होतं. "मालविका, पाणी," असं म्हणत होता तो. लायब्ररीत समोर बसणाऱ्या मुलीकडे त्याने जन्मात एकदा वही मागितली होती. पाणी त्याने फक्त माझ्याकडे मागितलं होतं.